दार

कलिन्यात संध्याकाळचा वर्ग. आम्ही अकरा जण,
पंखा एक, आणि एकाच पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती
ज्यांत एकशेबारावं पान सगळ्यांचंच तिरकं आलंय.
कादंबरी मुळात स्वाहिलीतली, इंग्रजीतून आलेली.
मी ती मनात मराठीत वाचतो,
त्यामुळे वाटेत बरंच सांडत असणार.

तुस्कानो मॅडम फळ्यावर लिहितात:
पेसा. गारी. हेसाबु. बिमा.
आम्ही हसतो, गावाकडचं कुणी भेटल्यासारखे.
विम्यापर्यंत पोचलंय म्हणजे
व्यवहार जुना दिसतोय, मागून नझनीन म्हणते.
शहराचं नाव दार-ए-सलाम.
तिथले लोक नुसतं ‘दार’ म्हणतात.
दार म्हणजे घर, मॅडम सांगतात, अरबीत.
मी वहीत उतरवून घेतो: दार म्हणजे घर.

कादंबरीत एक कारकून आहे. नाव नाही त्याला.
हातात लाल रंगाचा डबा.
रस्ता रुंद व्हायचाय, तो दारांवर फुल्या मारत जातो.
फुली मारायच्या आधी कडी वाजवतो,
पुस्तकात हे तीनदा येतं.
झुलेखा नावाची म्हातारी त्याला स्टूल देते,
आल्याचा चहा देते, आणि विचारते,
बाळा, आंब्याची सावली कुणाच्या नावावर लावलीस?
तो डबा खाली ठेवतो.
पुढचं प्रकरण दुसऱ्याच माणसाचं आहे.

चर्चा सुरू होते. वसाहतवाद, विकास, परिघावरची माणसं.
गिरिधर म्हणतो, कारकून म्हणजे सत्तेचं निव्वळ हत्यार.
सगळे मान हलवतात. मीही हलवतो.
माझ्या नखांत अजून गेरू आहे.

सकाळी क्रांतीनगरात होतो, मिठीच्या काठाला,
परिशिष्ट दोनसाठी. फीत, यादी, ब्रश.
दार एकशे चौदा.
दार एकशे चौदा-अ, पोटमाळा, अपात्र.
सोजरबाई खरात पिशवीतून जुन्या पावत्या काढून
खाटेवर मांडत होत्या, पापड वाळत घालावेत तशा.
दोन हजार सालाच्या आधीचं हवं, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, आकडा जरा वर काढा,
खाली नातू पुसतो.
बस्स, एवढंच. चहाबिहा नाही.

धनावडे, तुम्ही गप्प? मॅडम विचारतात.
मी म्हणतो, त्याला डबा महिन्याला किती मिळत असेल?
वर्ग हसतो. मॅडम हसत नाहीत.
मला विचारायचं वेगळंच होतं:
कडी वाजवायला त्याला कुणी सांगितलं?
यादीत तसा रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी एकशे पंधरा.
तिथे दारच नव्हतं, जुन्या साडीचा पडदा,
खालून विटेने दाबलेला.
आकडा कुठे लिहावा कळेना.
ब्रशवरचा गेरू चपलेवर ठिबकत राहिला.
मग मी खाकरलो.
आतून आवाज आला, कोण ए?

मी हुद्दा सांगितला.