तळहात दाखवा

केयोनच्या धक्क्यावरून वर, चढावर आमचा दवाखाना.
लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर,
शेगडीवर सदा उकळत असलेली किटली.
इथं माणसं डोळे वर न करता येतात.
निबाल्दो कार्कामोही तसाच आला,
सॅमनच्या पिंजऱ्यांखाली उतरणारा पाणबुड्या,
वय एकतीस. घसा खवखवतो, म्हणाला.

घसा पाहिला. मग म्हटलं, तळहात दाखवा.
तो हसला. "माझी मावशी पत्ते वाचते. तुम्ही हात वाचता?"

वाचते.
आयुष्यरेषा नाही, भाग्यरेषाही नाही,
त्यांच्या मधे उमटलेले तांबूस ठिपके,
जुन्या नाण्यांच्या रंगाचे,
न खाजणारे, न दुखणारे.
"हातमोज्यांमुळे," तो म्हणाला.
मी बूट काढायला लावले.
तळव्यांवरही तेच.
हातमोजे कुणी पायात घालत नाही.

"दोन-तीन महिन्यांपूर्वी, खाली, एखादी जखम?"
किटली उकळत राहिली.
"होती एक. दुखत नव्हती.
आपोआप गेली.
गेली म्हणजे बरी झाली ना?"

बोटातून एक थेंब. पंधरा मिनिटं.
पट्टीवर दोन रेघा,
हातावरच्या रेघांहून खऱ्या.

"तीस मीटर खाली असताना
रक्तात शिरलेला वायू दुखतो का?"
"नाही."
"मग कधी?"
तो गप्प झाला. त्याच्या भावाचा डावा पाय
खाली असताना गेला नव्हता,
वर आल्यावर गेला, बोटीत बसून भाकरी खाताना.

"हेही तसंच. जखम मिटते, आजार बुडी मारतो.
वर्षानुवर्षं तळाशी बसून राहतो
आणि कुठंही वर येतो.
डोळ्यात. हृदयाच्या मोठ्या नळीत.
मेंदूच्या त्या कप्प्यात, जिथं आपल्या माणसांची नावं असतात."
सिफिलिस, मी म्हटलं.
हा शब्द मी कुजबुजत नाही,
हाड मोडलंय, हे ज्या आवाजात सांगते
त्याच आवाजात सांगते.

हे मला पहिल्यापासून येत नव्हतं.
मासे कापायच्या कारखान्यातली ओरिएता,
माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष,
असेच हात घेऊन आली होती.
मी मलम दिलं. ॲलर्जी, असं लिहिलं, सुवाच्य अक्षरात.
तिनं अंगावर काढलं,
कारण अंगावर काढण्यासारखं आहे, हे मीच सांगितलं होतं.
आठव्या महिन्यात मूल आलं. रडलं नाही.
तळहातावरच्या फोडासारखं जपीन, म्हणायची,
आणि तो तळहात
मी माझ्या हातात धरून पाहिला होता.

पेनिसिलिनची सुई जाड असते, दोन्ही बाजूंना एकेक,
औषध थंडीतल्या मधासारखं, रेंगाळत आत जातं.
निबाल्दोनं खाटेची कड धरली,
धक्क्यावरची एक अस्सल शिवी हासडली.
"रात्री ताप भरेल. घाबरू नका, उतरेल."

मग कागद पुढे सरकवला. कुणाकुणाला कळवायचं?
सुईपेक्षा हे जड.
"एक पुएर्तो मोंतमधली. आडनाव नाही माहीत."
मग बराच वेळ काही नाही.
मग, बुटाकडे बघत, "एर्सिरा."

एर्सिराला पाचवा महिना.
तिच्या पोटाचं माप माझ्याच वहीत आहे,
पहिली तपासणी निर्मळ, हेही.
पण पहिल्या तपासणीपाशी दिवस थांबून राहत नाहीत.
"तुम्हीच सांगा ना," तो म्हणाला.
"आज रात्री तू सांग. उद्या मी इथं आहे."

ती आली. त्याच्या शेजारची खुर्ची ओढून
टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. कोट काढला नाही.
मी काही विचारण्याआधीच
दोन्ही तळहात उताणे ठेवले माझ्यासमोर.
स्वच्छ होते.
एक डाग नाही.

तरी मी बोट टोचलं,
आणि आम्ही तिघं पंधरा मिनिटं
किटलीकडे बघत बसलो.