माल ठीक

सावद्याच्या पॅकहाऊसबाहेर शेहेचाळीस, आत तेरा.
मधला पट्ट्यांचा पडदा ओलांडताना
अंगावरचा घाम क्षणभर थबकतो.

मी कागद करतो :
किती पेट्या, कुठलं जहाज, कुठलं बंदर.
शेवटचा रकाना पलीकडून भरून येतो.
चार वर्षं तो हुदा भरायची.
पंधराशे चाळीस. माल ठीक.
पंधराशे चाळीस. माल ठीक, तीन पेट्या दबलेल्या.
एकदा : माल ठीक. एका पेटीत सरडा निघाला, जिवंत.
भिंतीवर सोडून दिला.

गेल्या महिन्यात, सात तारखेला :
आज बंदरावर कोणी नाही. सगळे चौकात बसलेत.
मतं पुन्हा मोजा, एवढंच म्हणणं आहे.
मीही जाते. भाकरी बांधून घेतली आहे.

त्यानंतर रकाना कोरा.

चौकात बसलेल्यांवर गोळ्या झाडल्याचं कळलं
तेव्हा आकडे दोन होते,
एक त्यांचा, एक त्यांच्या सरकारचा.
मला आकड्यांची सवय,
मी आधी वजाबाकी केली.

मग जग बोलू लागलं.
एका राजधानीने चिंता व्यक्त केली,
दुसरीने तीव्र चिंता,
तिसरीने राजदूताला बोलावून
चहा न विचारता परत पाठवलं.
एका मोठ्या सभागृहात
ठरावातला 'हत्या' खोडून 'जीवितहानी' बसवेपर्यंत
नऊ दिवस गेले.
आणि आपण परिस्थितीवर लक्ष ठेवून होतो.
भिरूड शेठ म्हणाले, बरं झालं,
मतदानाच्या वेळी आपला माणूस बाहेर जाऊन बसला.
हात वर केला असता
तर आपले बारा कंटेनर तिकडेच काळे पडले असते.

जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्याने वाचलं :
दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.
तुरटीच्या पाण्यातून हात काढत सुपडाबाई म्हणाली,
"दोन्ही म्हंजे कोनत्या रे भाऊ?"
एक फौज. एक ते बसलेले.
"त्याहिच्या हाती काय व्हतं?"
भाकरी, मी म्हणालो.
"कोरडी? का कालवन बी व्हतं?"

मला माहीत नव्हतं.
चार वर्षांत मी हुदाला
पेट्यांपलीकडे काही विचारलंच नव्हतं.
सरड्याचंसुद्धा उत्तर दिलं नव्हतं.

केळी तोडल्यावरही श्वास घेत राहतात,
तेरा अंशांवर घेतात, पण पिकत नाहीत.
निवेदनंही बहुधा असल्याच खोलीत ठेवत असावेत.
आणि पेटीत आम्ही एक पुडी टाकतो.
एक फळ पिकलं की हवेतून बाकीच्यांना कळतं,
ते कळू नये म्हणून.
ही पुडी टाकायचं काम रमजू तडवीच्या पोरीकडे आहे.
तिला रोजाने पैसे मिळतात, तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

रात्री जुना पत्रव्यवहार काढला.
आठ तारखेचं माझंच पत्र सापडलं :
तिकडील परिस्थितीबद्दल आम्हांस चिंता वाटते.
कंटेनर उतरला किंवा कसे, कृपया कळवावे.
चिंतेनंतर पूर्णविराम, पूर्णविरामानंतर कंटेनर.
तारीख पाहिली.
सगळ्या राजधान्यांच्या एक दिवस आधी
मीच निवेदन काढलं होतं.

आज नवा कंटेनर लागला आहे, दुसऱ्या देशाचा.
तिकडच्या कारकुनाचं नाव अजून आलेलं नाही.
सुपडाबाईने पेटी काट्यावरून उचलली
तरी काटा चाळीस ग्रॅम दाखवत राहिला.
पदराने पुसला. चाळीस.
मी बटण दाबून शून्य केलं. क्षणभर शून्य, मग पुन्हा चाळीस.
"चीक लागेल असन," मी म्हणालो.
ती वाकून बघत होती.
"नाही रे," ती म्हणाली, "काहीतरी बसेल हाये वरते."
बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता.
ती पुढची पेटी ठेवेना.