पोटखराबा

अठ्ठ्याऐंशी साली पिसोळीची मोजणी माझ्याकडे होती.
फलकयंत्र, साखळी, दोन शिपाई.
गटाच्या मधून ओढा जायचा,
फार मोठा नव्हे, धोतर खोचलं की पार.
उताऱ्यावर त्याला नाव नव्हतं, रकाना होता :
पोटखराबा, शून्य हेक्टर एकोणीस आर.

हौसाबाई मासाळ बांधावरून म्हणाल्या,
"भाऊसाहेब, वढ्याला बी मालक लिवा कुनीतरी.
बिनवारशाचं समदेच खात्यात."
मी हसलो.
आकार शून्य पैसे लिहून सही केली.

आता अकराव्या मजल्यावर राहतो.
निर्झर हाइट्स, बी विंग.
माझा हॉल हौसाबाईंच्या चिंचेहून
साठेक फूट वर लटकलाय.

मागच्या गेटाने दिवसाला आठ टँकर येतात.
बेसमेंटमध्ये पंप चालतो, रात्रंदिवस,
आणि रस्त्याच्या गटारात पाणी ओततो.
एक पाणी विकत घ्यायचं, एक फेकायचं,
दोन्हींची बिलं एकाच फाइलला.

सभेत वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं आली.
मी म्हणालो, गळती नाही हो ती,
वहिवाट आहे.
कुणीतरी म्हणालं, काका, मुद्द्यावर या.

रविवारी पहाटे खडू घेऊन खाली उतरलो.
टेपचं दुसरं टोक चारशे दोनच्या तन्मयीनं धरलं.
रेघ निघाली
जनरेटरच्या पायाखालून,
जिमच्या आरशाला छेदून,
एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकातून
पूर्वेच्या भिंतीपर्यंत.
भिंतीपलीकडे फेज टूचा फलक,
त्यामागे टेकडी, अर्धी.

"आजोबा, गाड्या हलवाव्या लागतील?"
एकवीस, मी म्हणालो. मोजल्यात.
"आमची आधी हलवू? बाबा झोपलेत,
पण चावी कुठे असते मला माहितेय."

सोमवारी झाडूवाल्यानं रेघ पुसली.
मंगळवारी तिथंच ओल उमटली,
दीड फूट डावीकडे.
तेवढी चूक माझी, तेव्हाचीच.

फेज टूच्या नकाशावर हरकत घेतलीय.
तिथला उतार ओढ्याचा आहे,
इमारती वर बांधा, दाट बांधा,
पण त्याचे एकोणीस आर त्याला सोडा,
असं लिहिलं. अर्जदार : ओढा, मार्फत मी.

खिडकीतल्या बाईंनी वाचला, दोनदा.
मग परत सरकवला.
"आधार नंबर राहिलाय."