हे बरं, की हे?

रावपुऱ्यातल्या चष्म्याच्या दुकानात सत्तावीस वर्षं
लोकांच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम ठेवून
मी काचा बदलत विचारत आलेय :
हे बरं, की हे?
नीट बघा. हे, की आधीचं?
माणसं घाबरतात. तक्ता पाठ करून येतात,
शेवटची ओळ न दिसताच म्हणून टाकतात.
डेअरीतले सुर्वे तर हट्टानं नंबर चढवून घ्यायचे,
“थोडा कडकच द्या, पैसे मोजतोय ना”,
आणि आठ दिवसांनी कपाळ दाबत परत.

आज अगाशीवर गिऱ्हाईक मीच.
सत्तर मिलिमीटरचं भिंग, सातशेची नळी,
थर्माकोलच्या खळग्यांत तीन नेत्रिका :
पंचवीस, दहा, चार.
खोक्यावर लाल अक्षरांत ‘पाचशे पंचवीस पट’.
सुर्व्यांनी हे खोकं लगेच उचललं असतं.

उतराण होऊन चार दिवस झालेत.
टाकीच्या पाइपाला गुलाबी मांजा अजून लोंबतोय.
खालच्या मजल्यावरचा धैवत, वय अकरा,
चष्मा माझ्याच हातचा, बोटाला पट्टी,
म्हणतो, “मावशी, चारवाळी नाखो ने!”
आकडा लहान तर चित्र मोठं,
हे त्याला न शिकवता कळलं.

घातली चारची.
गुरू आला. उकळत्या पाण्याच्या तळाशी
पडलेल्या नाण्यासारखा, राखाडी, हलता.
जिन्याचं दार कुणीतरी आपटलं,
तेवढ्यानं गेला.
शिवाय पापणी काचेला टेकेपर्यंत डोळा न्यायचा,
म्हणजे चष्मा काढायचा.
धैवतचं ठीक आहे, त्याचा नंबर चाक फिरवून भरून निघतो.
माझं सिलिंडर आहे.
ते कुठल्याच चाकानं जात नाही.

दहा.
दोन पट्टे, पेन्सिलीनं ओढून खोडल्यासारखे.
मला खरंच दिसले,
की मीही तक्ता पाठ करून आले होते?

मग पंचवीस. अठ्ठावीस पट, फक्त.
चष्म्यासकट वाकले.
साबुदाण्याएवढा गुरू, आणि त्याच्या बाजूंना
चार ठिपके एका रेषेत,
कुणी धावदोरा घालता घालता उठून गेल्यासारखे.
नळी जरा सरकवली तर कृत्तिका,
सगळ्याच्या सगळ्या, एकीलाही दाराबाहेर न ठेवता.

“नानू देखाय छे,” धैवत नाराज.
लहान आहे रे. पण थांबतं.
त्यानं पुन्हा डोळा लावला, मी मनात आकडे मोजले.
चाळीसपर्यंत तो काही बोलला नाही.

बत्तीसची प्लॉसल घ्यावी म्हणतेय.
घरी सांगून झालंय, यंदा साडी नको.
कुणी कारण विचारलं नाही,
मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं.

आवरताना धैवतनं पंचवीसची उलटी धरली,
जिन्याच्या बल्बखाली, पट्टी सोडून,
बोटावरच्या मांजाच्या चिरेवर.
“मावशी, अंदर काच छे.”
मी म्हटलं, बघू.
उलट्या नेत्रिकेतून कातडीच्या दोन कडा,
आणि मधे एक कण,
गुरूहून कितीतरी लखलखीत.
चार दिवस तो घरी सांगत होता, टोचतंय,
आणि सगळे म्हणत होते, काही नाही दिसत.

दुर्बीण तशीच उघडी ठेवून
मी चिमटा आणायला खाली गेले.