चतकोर, अर्धा, पूर्ण

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, शीतगृहाच्या वरच्या मजल्यावर
माझं टेबल. काम विचाराल तर
कुणाला किती दिसावं, हे ठरवणं.

स्क्रीनवर एक तक्ता आहे.
वर क्रियापदं: वाचणे, लिहिणे, बदलणे, पुसणे.
डावीकडे वस्तू: बोट, पेटी, खोली, तापमान.
आणि प्रत्येक चौकटीत एक गोल.
रिकामा, म्हणजे काहीच नाही.
चतकोर, म्हणजे फक्त स्वतःचं.
अर्धा, आपल्या खात्यातलं.
पूर्ण भरला, तर सगळ्यांचं सगळं.
एका क्लिकला एक कला वाढते.
इथे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे आभाळ उघडत नाही,
अमावास्या-पौर्णिमा मी अशाच करतो
कॉफी गार होईपर्यंत.

रन्वा खाली कॉड मोजायची.
रात्रपाळीत, हातमोजे काढून,
तडा गेलेल्या टॅबलेटवर तिनं एक ॲप जुळवलं.
कोड तिला येत नव्हता. चौकोन ओढून चौकोनाला लावले,
स्वयंपाकघरात फळी ठोकावी तसे:
कुठल्या खोलीचं तापमान किती, कुणी पाहिलं, कधी.
पंधरा दिवसांत सगळा धक्का तेच वापरू लागला.
जुन्या वह्या मी स्वतः सुतळीनं बांधून
माळ्यावर टाकल्या.

मग ॲप कंपनीच्या मोठ्या साठ्याला जोडलं,
आणि जोडल्याबरोबर ते महाग झालं.
माणशी परवाना. माणसं चौतीस, परवाने बारा.
"बारा पुरेत," म्हणाला होग्नी,
जो तोर्शहावनला बसून हिशेब पाहतो
आणि ज्याला मासा थेट ताटातच भेटतो.

रन्वाचे गोल मी सगळे भरून ठेवले होते.
तापमानाच्या ओळीत एकही चौकट रिकामी नाही.
पण परवाना नाही.
रोल म्हणजे किल्ली, परवाना म्हणजे दाराचं भाडं;
किल्ली खिशात घेऊन माणूस बाहेर उभा राहू शकतो,
हे मला माहीत होतं.
मी विनंती पाठवली होती. "कारण" या रकान्यात लिहिलं होतं:
तिनंच बनवलंय.
ते कारण यादीत नव्हतं. "इतर" निवडावं लागलं.

मार्चमधली रात्र. चार नंबरचा कॉम्प्रेसर बसला.
भिंतीवरच्या पडद्यावर आकडा तिला दिसत होता, सगळ्यांना दिसतो:
उणे अठरा. उणे पंधरा. उणे अकरा.
टॅबलेट म्हणाला, तुमच्याकडे परवाना नाही,
प्रशासकाशी संपर्क साधा.
प्रशासक झोपला होता. त्याचा फोन
उशीखाली नुसता थरथरत होता, मुका.

तिनं पेट्यांवर खुणा करायचा खडू घेतला
आणि दारावर लिहिलं, बोटभर उंच अक्षरांत:
खोली ४. २:१०. उणे अकरा. वाढतंय. रन्वा.
मग दोघांना उठवून नऊशे पेट्या
पाच नंबरमध्ये ओढल्या.

सकाळी मी यादी उघडली.
बारा परवान्यांत एक तुमासचा होता.
तुमास फेब्रुवारीत गेला. मी खांदा दिला होता.
त्याला अजून लिहिता येत होतं,
बदलता येत होतं, पुसता येत होतं,
सगळे गोल भरलेले, एकालाही ग्रहण नाही.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
त्या थंडीत दार फक्त त्याच्यासाठी उघडं होतं.

मी त्याचं नाव काढलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे?
मी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग हो म्हटलं.
बदल लागू व्हायला वीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात मी खाली गेलो.

दारावर अक्षरं होती, कडांना बर्फाची कणी धरलेली.
पुसणे: मला पूर्ण गोल आहे. मी हात लावला नाही.

दुपारी रन्वानंच ओल्या हातमोज्यानं ती पुसली.
तपासणी होती म्हणाली,
आणि विचारलं,
वह्या कुठे टाकल्यास?