आभाराचं काम

सेलूच्या शाळेत एकोणतीस वर्षं
आभारप्रदर्शन माझ्याकडंच.
पत्रिकेतली शेवटची ओळ. दुधाटे सर.
कधी छापायचीही राहून गेलेली.
मी उभा राहीपर्यंत पाहुणे चपला शोधत असायचे,
पोरं सतरंजी गुंडाळत माझ्या पायापर्यंत यायची,
आणि मी म्हणायचो, ऋणात राहू इच्छितो
मंडपवाल्यांच्या, माईकवाल्यांच्या,
ज्ञात-अज्ञात हातांच्या.
अज्ञात म्हणताना
कुठलाच हात डोळ्यांपुढं यायचा नाही.

आमच्या गल्लीत नळ येतात आठव्या दिवशी,
कधी अकराव्या.
तेही रातच्याला. दोन म्हणू नका, साडेतीन म्हणू नका,
चोरावाणी.
पण गेटची कडी वाजते.
तीनदा. मग थांबून एकदा.
'मास्तर, नळ आले वो!'
समोरच्या हुरमतबी.
दिवसभर वाकळा शिवतात सुईत डोळे घालून,
रात्री कान तोटीपाशी ठेवून निजतात.

किती वर्षं, ते मी मोजलं नव्हतं.
माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात
आभाराला एक नवा पोरगा उभा राहिला,
आणि त्याच्या 'अज्ञात हातां'वर
मला लोखंडी कडीवर बांगडी वाजलेली ऐकू आली,
काचेची, मनगटात दोनच उरलेल्यांतली.

तसाच आलो. काखेत नारळ, खांद्यावर शाल.
त्यांच्या ओट्यापुढं उभा राहून
ठेवणीतला आवाज काढला,
'आपल्या ऋणात...'
त्यांनी दातानं दोरा तोडला.
'कामून असं बोलायलाव, मास्तर?
काही चुकलं का माझं?'

घरी बायको म्हणाली, त्यांची वाटी आहे आपल्याकडं,
ईदीच्या शिरखुर्म्याची. रिकामी देऊ नका.
कारळाची चटणी दाबून भरली तिनं.
तिसऱ्या दिवशी वाटी परत आमच्या दारात,
भाजल्या शेंगा घेऊन.
म्हणजे हे फिटायचं नाही.

मग ठरवलं, एकदा तरी आपण आधी उठायचं.
नवव्या रात्री अंगणात खुर्ची टाकली,
मोबाइलचा गजर उशाऐवजी खिशात.
पावणेतीनला नळ खाकरला.
धावलो, चप्पल एकच.
कडी वाजवली. तीनदा, मग थांबून एकदा.
'हुरमतबी, नळ आले!'

आल्या. घागर, दोन बादल्या, नळीचं वेटोळं.
नळानं सुस्कारा टाकला.
आणखी एक.
नुसती हवा. थेंब नाही.

बसलो आपापल्या पायरीवर,
मधे आठ फुटांचा रस्ता, त्यावर एक कुत्रं.
'उगंच उठवलं तुम्हाला,' मी म्हणालो.
त्यांनी बादली पालथी घातली,
तिच्यावर पाय ठेवले.
'मला कोणी उठवत नसतंय,' म्हणाल्या,
आणि हसल्या का काय ते अंधारात कळलं नाही.

पुढं बोललो ते जावयाचं, गुडघ्याचं,
कापसाच्या भरणीचा भाव किती वाढला त्याचं.
तोंडावर आलेलं एक वाक्य
मी दोनदा गिळलं.

साडेपाचला त्यांच्याकडून चहा आला,
रांजणाच्या तळातल्या पाण्याचा,
जरा मातकट.
कप अजून माझ्याकडं आहे.