ट्रायल

कांचननं मापाच्या चिठ्ठ्यांचा कागद मागितला,
मी गठ्ठाच दिला.
एका बाजूला इंग्रजी शब्द, खाली आपल्या लिपीत त्याचा उच्चार,
कारण विचारणारा मी,
आणि मी सातवी पास, तीही ढकलून.
पाठीमागं अर्थ.

सेलूच्या मोंढ्याला लागून माझं दुकान,
एक मशीन, एक इस्त्री.
काजं करता करता विचारायचो.
गॅरुलस?
"लई बडबड करणारा."
पार्सिमोनिअस?
"पैशाला चिकट."
थ्रेडबेअर?
ती अडली. थ्रेड तर मला कळतोच,
मी माझ्या बाहीचं कोपर दाखवलं.
सीमलेस मात्र पटला नाही.
बिनशिवणीचं काहीबी नसतं, कांचन,
शिवण लपवलेली असती, एवढंच.
ती म्हणली, दादा, तिथं असं सांगता येत नाही,
चार पर्याय असतात, एकावर टिचकी मारायची.

पंख्यानं चिठ्ठ्या उडायच्या,
म्हणून टाचणीनं कॉलरला टोचायचो,
नाहीतर हाताशी असेल त्या खिशात सारायचो.
आणि शर्ट जायचे गिऱ्हाइकाकडं.

आधी आले अडतवाले काबरा शेठ,
दोन महिन्यांची शिलाई बाकी,
चिठ्ठी नाचवीत: हे पार्सिमोनिअस काय आहे?
म्हणलं, कापडाच्या कंपनीचं नाव असंल.

रेल्वे फाटकावरचा एजाज आला,
चिठ्ठी मशीनवर ठेवली,
चहा घे म्हणलं तर मान हलवली, गेला.
पालथी करून पाहिली:
लॅकोनिक. मोजकंच बोलणारा.
कांचन हसत हसत चिंध्यांच्या ढिगावर बसली.

वाघमारे बाईंच्या ब्लाउजच्या घडीत एक गेली होती.
ती त्यांनी परत केलीच नाही,
कोणता शब्द तेही सांगत नाहीत.

परीक्षा नांदेडला.
तिला नवा कुर्ता शिवला, रात्री साडेअकरापर्यंत,
बाजूच्या शिवणीत खिसा ठेवला, दिसणार नाही असा.
पोरींना खिसा देत नाही कोणी, म्हणून मुद्दाम.
ट्रायल न घेताच घडी घातली.

गेटवर तपासणारी बाई. तिनं खिशात हात घातला.
मी रस्त्याच्या पलीकडं, रसवंतीच्या सावलीत.
रसाच्या घुंगरांत काही ऐकू येईना.
दिसलं एवढंच: कांचन रांगेतून बाजूला,
तोंड हलतंय,
एक माणूस आला, मग दुसरा,
कागदाचा तुकडा उन्हाकडं धरून पाहिला,
मग फाडला,
मग तिला आत सोडलं.
बारा मिनिटं गेली होती.

परतीच्या पॅसेंजरला ती खिडकीशी.
पूर्णा गेलं. परभणी गेली.
मानवत रोडला म्हणली, चिठ्ठी होती, दादा.
कोणती?
"कल्पेबल."
म्हणजे?
"जाऊ द्या."

रात्री ती झोपल्यावर तिची वही काढली,
सीच्या पानांवरून बोट फिरवत गेलो,
मशीनच्या सुईत दोरा ओवताना लावतो तो चष्मा लावून.
दोषी. ज्याच्यावर ठपका येतो असा.
वही मिटली तरी
बोट तिथंच होतं.

सकाळी शटर वर केलं तर
मशीनवर नव्या चिठ्ठ्या, रिळाखाली दाबलेल्या.
मागं ती, ओल्या केसांनी. "विचारा."
मी आधी हातातल्या शर्टाचे दोन्ही खिसे उलटे केले,
झटकले.
मग म्हणलं, तुझ्या कुर्त्याचाबी बघू.
"उसवला मी तो."

आण इकडं, म्हणलं,
आणि पहिली चिठ्ठी उचलली.